आई-नाना गावाकडं परत जायलेत: वाटं लावताना काय काय बघावं?

औसेकर
राम राम मंडळी. आई-नाना ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत जायलेत. डॅलस–दोहा–हैदराबाद, तिथून गाडीनं औसा तालुक्यात गावी. येताना सोबत होती, जाताना दोघंच. नाना ७४ वर्षांचे, गुडघे धरतात, घरात फिरतात पण लांब चालवत नाही. आईला साखर, इन्सुलिन चालू. इंग्रजी दोघांनाही जेमतेम. घरात चार वर्षांची नात आहे, ती आजीशिवाय झोपत नाही.

आई-वडिलांना बोलवायचं कसं, व्हिसा, इन्शुरन्स यावर जुने धागे ढीगभर आहेत. परत पाठवण्याबद्दल कोणी धड लिहीत नाही. व्हीलचेअर, सामान, औषधं, लेकराला कसं सांगायचं, हैदराबादला उतरल्यावर काय, जे माहीत असेल ते सांगा.

मांजराकाठ
लातुरात तिकिटांचं काम करतो, त्यामुळं तिकिटापासून सुरू करतो.

दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर (आरक्षणाच्या नंबरवर) आहे का ते बघा. वेगवेगळं काढलं असेल तर कंपनीला फोन करून एकमेकांशी जोडून घ्या. नाहीतर विमान रद्द झालं की एकाला आजचं आणि दुसऱ्याला उद्याचं असं होऊ शकतं.

व्हीलचेअर 'मागितली आहे' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या कोडनं नोंदली ते विचारा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण जिने चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिने चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं. गुडघे धरतात म्हणता तर नानांना डब्ल्यूसीएचएस लावा. विमान पुलाला न लागता लांब उभं राहिलं आणि बसनं न्यायची वेळ आली, तर डब्ल्यूसीएचआरवाल्याला शिडी चढायला सांगतात. डब्ल्यूसीएचएसवाल्याला उचलणारी गाडी येते. ही नोंद प्रवासाच्या किमान ४८ तास आधी लागते, आणि दोन्ही टप्प्यांवर लागते. डॅलस–दोहाला आहे आणि दोहा–हैदराबादला नाही, हे नेहमीचं. तिकीट बदललं की नोंद गळते, म्हणून वेळ बदलल्याचा मेल आला की परत फोन करायचा.

आईंनाही खुर्ची घ्या. चालता येतं म्हणून नको म्हणतील. पण ढकलणारा माणूस आपल्या चालीनं निघतो, मागं राहिलेलं माणूस दोहासारख्या मोठ्या विमानतळावर कुठं शोधणार?

जेवणाचा कोड: एव्हीएमएल, म्हणजे आपलं मसाल्याचं शाकाहारी. एचएनएमएल 'हिंदू मील' म्हणून दिसतं आणि लोक बिनधास्त टाकतात. त्यात मांसाहार असतो! मधुमेहाचं डीबीएमएल आहे, पण ते शाकाहारी असेलच असं नाही. एका प्रवाशाला एकच कोड मिळतो, त्यामुळं आईंना एव्हीएमएलच ठेवा आणि गोड तेवढं सोडायला सांगा.

पेकनच्या_सावलीत
अमेरिकेपुरतं सांगते.

आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) वरची तारीख बघा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत आय-९४ ठरवतं, साधारण सहा महिने. सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा-कस्टम्स खात्याच्या) संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकून लगेच दिसते. त्या तारखेच्या दोन आठवडे तरी आधीचं तिकीट असावं. मधेच कोणी आजारी पडलं, विमान रद्द झालं, तर हाताशी दिवस राहतात. मुदत पुढं न्यायची वेळ आलीच तर आय-५३९ अर्ज ती संपायच्या आत जायला हवा.

इथून बाहेर पडताना इमिग्रेशनचा शिक्का नसतो. जुन्या माणसांना याचा धसका बसतो, 'शिक्का मारलाच नाही, आता पुढच्या वेळी येऊ देतील का?' नोंद विमान कंपनीकडून आपोआप जाते. आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते काउंटरवर शिक्का मागत बसणार नाहीत. बोर्डिंग पासचे तुकडे मात्र टाकू देऊ नका. नोंद चुकली तर तोच पुरावा. चार-आठ दिवसांनी आय-९४ च्या इतिहासात परत गेल्याची तारीख उमटली का तेही बघून घ्या.

आता गेटपासबद्दल. म्हाताऱ्या माणसाला गेटपर्यंत सोडायला तिकीट नसलेल्या एका माणसाला चेक-इन काउंटरवरून पास मिळू शकतो. त्याला एस्कॉर्ट पास म्हणतात. देणं न देणं कंपनीच्या मर्जीवर असतं. ओळखपत्र लागतं (भारतीय पासपोर्ट चालतो), नाव-जन्मतारीख टाकून तपासणी होते आणि सुरक्षा रांगेतून प्रवाशासारखंच जावं लागतं. म्हणून त्या दिवशी खिशात चाकू-कात्री नको, पाण्याची बाटली नको. मागताना 'पेरेंट्स आर ट्रॅव्हलिंग' म्हणून मोघम बोलू नका. वय, व्हीलचेअर, इन्सुलिन, भाषा येत नाही, असं सरळ चार कारणांत सांगा. परदेशी कंपन्या बऱ्याचदा नाही म्हणतात. काही विमानतळांचा स्वतःचा पाहुण्यांचा पासही असतो, त्याला आदल्या दिवशी ऑनलाइन अर्ज करावा लागतो. तुमच्या विमानतळाचं संकेतस्थळ बघून घ्या.

म्युनिकवाली
गेटपासच्या भरवशावर निरोप ठेवू नका, एवढंच म्हणेन. युरोप-इंग्लंडात तसा पास सहसा मिळत नाही, सुरक्षा रांगेच्या अलीकडेच हात सोडावा लागतो. अमेरिकेतही तो काउंटरवर ऐन वेळी नाकारला जातो. 'गेटवर निवांत बोलू' म्हणून जे राखून ठेवलेलं असतं ते सगळं मग तीस सेकंदात उरकावं लागतं, मागं रांग आणि व्हीलचेअरवाला घाई करतोय अशा अवस्थेत.

जे बोलायचं ते घरी बोला. पाया पडणं, ओटी, हातावर दही-साखर, फोटो, सगळं घरून निघायच्या आधी तासभर राखून. विमानतळावर फक्त कामं. माझ्या मते विमानतळ ही निरोप घ्यायची जागाच नाही.

युरोपात आई-वडील असलेल्यांसाठी: शेंगेनला (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) १८० दिवसांत ९० दिवस राहायचा हिशेब आहे, आणि आता ईईएस ही ये-जा नोंदवायची यंत्रणा आल्यामुळं शिक्क्याऐवजी चेहरा-बोटांचे ठसे घेऊन तारीख यंत्रात जाते. बाहेर पडतानाही ही रांग असते, तिच्यासाठी वेळ धरा. विमानतळावरची मदत कायद्यानं फुकट आहे, इथंही ४८ तास आधी सांगायचं.

पेकनच्या_सावलीत
म्युनिकवाली, मान्य. पण मिळाला तर सोडू नये हेही खरं. आत गेलेल्या माणसाला एक मोठं काम करता येतं. गेटवरच्या कर्मचाऱ्याला 'हे दोघं, दोहात खुर्ची हवी' एवढं सांगून यादीत नाव आहे का बघून घेता येतं.

साखरवाडा
डॉक्टर आहे. इन्सुलिनवर सविस्तर लिहिते, कारण इथं चुका झाल्या तर महागात पडतात.

पहिलं: इन्सुलिन हातातल्या पिशवीत. चेक-इन बॅगेत कधीच नाही. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, दिसायला मात्र तसंच दिसतं. शिवाय बॅग दोहात राहिली तर पंचाईत. साठा दोन ठिकाणी विभागा, थोडं आईंच्या पिशवीत, थोडं नानांच्या. चालू पेन खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं (नेमके दिवस त्या-त्या इन्सुलिनच्या पत्रकात असतात), न उघडलेलं गार पिशवीत. बर्फाच्या पॅकला थेट टेकवू नका, मधे रुमाल गुंडाळा. द्रव पदार्थांची १०० मिलीची मर्यादा औषधाला लागत नाही, पण सुरक्षा रांगेत आपणहून सांगायचं. इंग्रजीत डॉक्टरांची चिठ्ठी हवी, तीत औषधांची मूळ नावं. ब्रँडची नावं देशागणिक बदलतात.

दुसरं, वेळेचं. पूर्वेकडं जाताना दिवस आखूड होतो. डॅलसपेक्षा भारत ऑक्टोबरात साडेदहा तास पुढं. म्हणजे रात्री दहाचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन गावी पोचून परत 'रात्री दहाला' घेतलं, तर दोन डोसमधलं अंतर साडेदहा तासांनी कमी होतं. एकावर एक डोस चढतो आणि साखर एकदम खाली येते. यावर उपाय म्हणून डॉक्टर एखादा डोस कमी करतात किंवा वेळ सरकवतात. किती, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, निघायच्या दोन आठवडे आधी विचारून मराठीत तक्ता लिहून घ्या. तक्त्यात घड्याळाची वेळ लिहिण्यापेक्षा 'पहिलं जेवण आल्यावर', 'दोहाला उतरल्यावर' असं लिहा. आईंच्या हातातलं घड्याळ पोचेपर्यंत डॅलसचंच ठेवा.

तिसरं, जे बहुतेकांना कोणी सांगत नाही: जेवणाआधीचं इन्सुलिन ट्रे समोर आल्यावरच टोचायचं. गाडा दोन रांगा पुढं दिसतोय म्हणून घेऊन टाकलं आणि तेवढ्यात हादरे सुरू झाले, तर गाडा परत आत जातो आणि जेवण तासभर येत नाही. अंगात इन्सुलिन, पोटात काही नाही. खिशात ग्लुकोजची बिस्किटं आणि राजगिऱ्याचा लाडू ठेवा. पेनला सुई लावून ठेवू नका, हवेच्या दाबामुळं आत बुडबुडे धरतात. चार-सहा तासांनी साखर तपासायची. आणि नानांनाही शिकवून ठेवा: घाम, थरथर, बडबड असंबद्ध झाली की आधी साखर द्यायची, मग बेल दाबायची.

दोघांसाठी: चार तासांच्या वरच्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. पहिला टप्पाच चौदा-पंधरा तासांचा. मधली सीट टाळा. दर दोन तासांनी उठणं, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली, पाणी. 'सारखं उठावं लागतं' म्हणून आपली माणसं पाणीच पीत नाहीत, तिथं गाडं अडतं. घट्ट मोजे चांगले, पण पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून.

औसेकर
ट्रेचं खरंच कोणी सांगितलं नव्हतं. तक्ता करून घेतो.

कारळाची_चटणी
सामानाकडं वळू.

दोन माणसं, प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा मिळत असतील तर ९२ किलो होतात. म्हणून ९२ किलो भरायचं? हैदराबादच्या पट्ट्यावरून २३ किलोची बॅग कोण ओढणार, नाना? १६–१७ किलोच्या वर एकही बॅग नेऊ नका. आधी तिकिटावर हक्क किती ते बघा, स्वस्त तिकिटांत एकच बॅग असते. आखातातून जाणाऱ्यांना बऱ्याचदा नग नसून एकूण वजन मोजतात. केबिन बॅगेला आखाती कंपन्या ७ किलोची मर्यादा लावतात आणि ती मोजतातही. अमेरिकी विमानांची सवय लागलेले लोक इथंच अडकतात. घरच्या वजनकाट्यावर आधी आपण उभं राहायचं, मग बॅग घेऊन, आणि फरक काढायचा. हूकचा काटा असेल तर उत्तम. कुलूप टीएसएचं (अमेरिकी विमानतळ सुरक्षेला त्यांच्या किल्लीनं उघडता येतं ते) लावा, दुसरं असेल तर तपासायला तोडतात.

पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, हातातच, आणि काही कंपन्या विमानात वापरूही देत नाहीत. सोबत न्यावी फक्त उतरल्यावर लागली तर म्हणून.

शिदोरी: दुधात भिजवलेल्या दशम्या घ्या, दोन दिवस टिकतात. धपाटे पहिल्या टप्प्यातच संपवायचे. ते कांदा-कोथिंबीर घालून केले असतील तर लवकर आंबूस होतात, बिनकांद्याचे करा. चटणी कोरडीच, शेंगदाण्याची किंवा कारळाची, आणि छोट्या डबीत. पावडर साधारण ३५० मिलीच्या वर गेली की वेगळी तपासणी लागते. ठेचा, लोणचं, दही, तूप हे सगळं सुरक्षा रांगेत द्रवात धरतात. दह्याची वाटी धपाट्यासोबत बांधून दिली की ती हमखास कचऱ्यात. दशम्या फॉइलच्या जाड गठ्ठ्यात बांधू नका, यंत्रात काळा ठोकळा दिसतो आणि पिशवी उघडायला लावतात. झिपच्या पिशवीत चार-चार ठेवा.

नेण्याच्या वस्तू: टेक्सासचे पेकन, बदाम, चॉकलेट. ऑक्टोबर हीटमध्ये चॉकलेट गावी पोचेपर्यंत चिखल, तेवढं कमी न्या. आणि नाना शेतकरी असतील तर त्यांच्या पिशवीवर लक्ष ठेवा. इथली भोपळ्याची, मक्याची बियाणं, कुंडीतली एखादी फांदी 'आपल्याकडं लावून बघू' म्हणून रुमालात बांधलेली असते. बी-रोपांना परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय नेता येत नाही.

मांजराकाठ
कस्टम्सचं जोडतो. आईंच्या अंगावरचे दागिने भारतातून निघताना कस्टम्सकडं दाखवून प्रमाणपत्र घेतलं असेल तर ते हातातल्या पिशवीत हवं. घेतलं नसेल तर गावाकडून जुन्या बिलाचा फोटो मागवून ठेवा, भारतातून निघतानाचे अंगावर दागिने असलेले फोटोही कामाला येतात. लॅपटॉप १८ वर्षांवरच्या माणसाला एक चालतो, त्यामुळं पोरांचे जुने दोन-दोन लॅपटॉप एकाच पिशवीत घालून पाठवू नका. टीव्ही सवलतीत बसत नाही. दुसऱ्याचं पाकीट ('आमच्या भावाकडं तेवढं द्या ना') सीलबंद असेल तर घेऊच नका. आत काय आहे हे सांगायची जबाबदारी नानांवर येते.

बालवाडी
लेकराबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. लहान मुलांना शिकवते, तेवढ्यावर लिहिते.

'ती झोपेत असताना निघा', 'शाळेत गेल्यावर निघा' असे सल्ले तुम्हाला फोनवरून मिळतीलच. ते ऐकू नका. उठल्यावर आजी गायब झालेलं लेकरू पुढं आईवडील दाराआड गेले तरी रडतं, कारण माणसं न सांगता नाहीशी होतात हे त्याला कळलेलं असतं. चार वर्षांच्या मुलीला महिनाभर आधी सांगून उपयोग नाही, तिला महिना कळत नाही. चार-पाच दिवस आधी सांगा. भिंतीवर कागद, रोज रात्री एक चौकट रंगवायची, शेवटच्या चौकटीत विमान. 'आजी परत कधी?' याला 'लवकर' म्हणू नका. माहीत नसेल तर 'अजून ठरलं नाही, ठरलं की तुला पहिलं सांगू.'

झोपेचं आजच सुरू करा. आजीशिवाय झोपत नाही ना? मग आजी घरात असतानाच आठ-दहा रात्री दुसऱ्या कोणाजवळ झोपायची सवय लावा. आजी आधी तिच्याजवळ पडेल, मग शेजारी खुर्चीत बसेल, मग दाराशी. निरोप आणि एकटीनं झोपणं एकाच रात्री आलं तर दोन्ही अवघड.

त्या दिवशी तिला एक खरं काम द्या: पासपोर्टची पिशवी आजीच्या गळ्यात घालायची. आजीची वापरलेली, न धुतलेली ओढणी किंवा साडीचा तुकडा ठेवून घ्या, उशीला गुंडाळायला. वास महत्त्वाचा, म्हणून न धुतलेली.

फोनची वेळ ठरवून टाका, 'जमेल तेव्हा' नको. डॅलसची सकाळ साडेसात म्हणजे गावी संध्याकाळी सहा. शाळेच्या आधी दहा मिनिटं. लहान लेकरू फोनवर 'कशी आहेस' याला उत्तर देत नाही, आजीला सांगा काहीतरी दाखवायचं: वासरू, भाकरी थापणं, ओट्यावरची मांजर. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमचं घड्याळ तासानं मागं जाईल, मग हीच वेळ गावी सातची होईल. आजीला ते आधी सांगा, नाहीतर ती सहापासून फोन हातात धरून बसेल.

म्युनिकवाली
लेकराला विमानतळावर न्यावं का?

बालवाडी
मध्यरात्रीचं विमान असेल तर नको. दिवसाचं असेल आणि घरी परत आणायला दुसरं माणूस असेल तर चालेल. गाडी चालवणारा आणि रडणारं लेकरू सांभाळणारा एकच असू नये, एवढं बघा.

देगलूरनाका
हैदराबादपासून पुढं मी सांगतो. नांदेड-लातूरकडच्या माणसांना मुंबईपेक्षा हैदराबाद सोयीचं. विमानतळाला एकच टर्मिनल, बाहेर पडलं की बाह्यवळण रस्ता. औशाला जायचं तर जहीराबाद, बीदर, मग औराद शहाजानी-निलंग्यावरून. तीनशे किलोमीटरच्या आसपास, चहापाणी धरून सहा-सात तास. नांदेडवाल्यांनी संगारेड्डी-देगलूर रस्ता घ्यावा.

आखाती विमानं बऱ्याचदा रात्री दोन-तीनला उतरतात. लगेच गाडी काढायची नाही. ड्रायव्हर आदल्या दिवशी दुपारी लातुरातून निघालेला, पार्किंगमध्ये डास मारत बसलेला, त्याची झोप झालेली नसते. बीदरच्या अलीकडं-पलीकडं पहाटे चार ते सहाच्या दरम्यान डोळा लागतो. विमानतळाजवळ एक खोली घ्या, दोघांनी आंघोळ करून तीन-चार तास पडावं, ड्रायव्हरलाही झोपू द्या, उजाडल्यावर निघा. खोलीचे पैसे वाचवू नका.

गाडी भाड्याची असेल तर तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्र अशा तीन राज्यांतून जायचंय, टुरिस्ट परमिट आहे का ते आधी विचारा. न्यायला येणाऱ्यांत घरचं एक माणूस असावं. ड्रायव्हरचा आणि गाडीचा फोटो आई-नानांच्या फोनमध्ये हवा, नुसता नंबर नको. फोनची बॅटरी संपते म्हणून तो नंबर कागदावरही हवा.

भारतातलं सिम सहा महिने रिचार्जविना पडलं असेल तर बंद झालेलं असू शकतं. आत्ताच तिथून रिचार्ज मारा आणि चालतंय का बघा. विमानतळाच्या वायफायलाही ओटीपी लागतो, त्यामुळं सिम बंद म्हणजे सगळंच बंद.

जालनेकर
देगलूरनाका, लातूर-नांदेडला हैदराबाद ठीक. जालना-संभाजीनगर-बीडवाल्यांनी मात्र मुंबईच धरावी. समृद्धी आता आमण्यापासून पूर्ण चालू आहे, संभाजीनगर-जालन्याला महामार्गावरूनच उतरता येतं. फक्त त्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसाला सारखं उतरायला सोयी कमी, जे काही उरकायचं ते महामार्गावर चढायच्या आधी उरका. रेल्वे हवी तर देवगिरी आहे, नंदीग्राम आहे, जालन्यापुढं नांदेडपर्यंत वंदे भारतही जाते. लातूरला रात्रीची लातूर एक्स्प्रेस. रेल्वेचं आरक्षण विमान उतरायच्या दिवशीचं करू नका, दुसऱ्या दिवशीचं करा. विमान चार तास उशिरा आलं तर तिकीट वाया आणि दोन म्हातारी माणसं सीएसएमटीच्या फलाटावर बॅगांवर बसलेली.

संभाजीनगरला पुढचं विमान घेणाऱ्यांनी कोड वाचा. बीओएम म्हणजे सहारचं जुनं मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. उतरणार एकीकडं आणि पुढचं विमान दुसरीकडून असं तिकीट स्वस्त दिसतं. मधे खाडी आहे! आणि जुन्या मुंबईतही टर्मिनल एक आणि दोन वेगळे, सामान घेऊन रस्त्यानं जावं लागतं.

दुबईचा_धारूरकर
आखातातल्यांसाठी दोन ओळी. इथून प्रवास तीन-चार तासांचा असल्यामुळं लोक तयारीच करत नाहीत. व्हिजिट व्हिसाची शेवटची तारीख आणि तिकिटाची तारीख यात दोन-तीन दिवस तरी ठेवा, यूएईत मुदतीपुढं दिवसाला ५० दिरहम दंड लागतो आणि तो भरल्याशिवाय विमानात चढू देत नाहीत. बाकी व्हीलचेअरचं वर सांगितलंय तसंच.

धाराशिवकर
गावातल्या घराचं कोणी बोललंच नाही. घर सहा महिने बंद आहे ना?

दोन दिवस आधी कोणाला तरी किल्ली द्या. हौद आणि टाकी धुऊन भरणं, सहा महिन्यांचं साचलेलं पाणी आधी काढून टाकणं. गॅसची नळी उंदरांनी कुरतडली का ते बघणं, मगच सिलिंडर जोडणं. फ्रिज आदल्या दिवशी चालू करून ठेवणं, आईंचं इन्सुलिन ठेवायचंय. वीजबिल थकून मीटर तोडलंय का. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी. अंथरूण उन्हात टाकणं, कोपरे झाडून विंचू-किड्याचं बघणं. पहिल्या संध्याकाळी शेजारून भाकरी, पिठलं, दूध. आल्या-आल्या आईला चुलीपुढं उभं राहावं लागू नये.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा म्हणजे सोयाबीनच्या राशीचे दिवस. नाना दुसऱ्या दिवशी सकाळी रानात असतील, कोणी अडवू शकणार नाही. निदान दोन दिवस मोटारसायकल त्यांच्या हाती देऊ नका. झोपेचं घड्याळ उलटं झालेलं असतं, भर दुपारी डोळे मिटतात.

नाना पेन्शनर असतील तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, ऑक्टोबरात पोचतायत म्हणजे वेळेत आहेत. ज्यांचे आई-वडील नोव्हेंबरात परदेशीच असतील त्यांनी जीवन प्रमाणचं चेहरा दाखवून करायचं ॲप बघावं.

साखरवाडा
मोटारसायकलच्या मुद्द्याला माझं अनुमोदन. रात्री दोनला जाग येणं आठवडाभर चालतं, त्यासाठी झोपेची गोळी देऊ नका, सकाळच्या उन्हात फिरायला पाठवा. प्रवासी विमा ज्या दिवशी विमान सुटतं त्या दिवशीच संपत नाही ना तेही बघा, तो पोचायच्या दिवसापर्यंत हवा, एक-दोन दिवस जास्तच.

औसेकर
सगळ्यांचे आभार. आज फोन केला कंपनीला. नानांची खुर्ची पहिल्या टप्प्यावर होती, दुसऱ्यावर नव्हतीच! आता दोघांची दोन्ही टप्प्यांवर डब्ल्यूसीएचएस करून घेतली, जेवण एव्हीएमएल. लातूरच्या ड्रायव्हरला परमिटचं विचारलं, हैदराबादला खोली बघतोय. दोन प्रश्न राहिले. एक, दोहात खुर्चीवाला मधेच सोडून गेला तर काय करायचं? दोन, त्यांच्याजवळ कागदावर काय-काय लिहून द्यावं?

मांजराकाठ
सोडून जातोच, ते गृहीत धरा. मोठ्या विमानतळांवर खुर्चीवाली माणसं एका जागी आणून बसवतात आणि गेट उघडायच्या वेळी दुसरा माणूस येऊन नेतो. ते सोडून जाणं नसतं, पद्धतच ती. आई-नानांना सांगा: बसवलं तिथून दोघांपैकी एकानं तरी हलायचं नाही, संडासला जायचं तर आणणारा माणूस समोर असतानाच त्याला सांगायचं. विमान सुटायला सव्वा तास उरला आणि कोणी आलं नाही तर जवळच्या काउंटरवर बोर्डिंग पास दाखवायचा. पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीत, दाखवायचा आणि लगेच परत घ्यायचा, खुर्चीवाल्याच्या हातात ठेवायचा नाही. अमेरिकेत टीप द्यायची रीत आहे, पाच-पाच डॉलरच्या दोन-तीन नोटा नानांच्या वरच्या खिशात सुट्या ठेवा, म्हणजे पाकीट काढावं लागणार नाही.

पेकनच्या_सावलीत
कागदाचं: एका पुठ्ठ्यावर वर मराठी, खाली तेच इंग्रजी, जाड अक्षरात, म्हणजे त्यांना बोट ठेवून दाखवता येतं. 'आम्हाला गेटपर्यंत खुर्ची हवी आहे.' 'संडासला जायचं आहे.' 'मला मधुमेह आहे, आत्ता काहीतरी खायला हवं.' 'आमचं विमान कोणत्या गेटवर आहे?' 'कृपया या नंबरवर फोन लावून द्या.' मागच्या बाजूला दोन्ही विमानांचे नंबर, तुमचा नंबर +१ सकट, हैदराबादच्या माणसाचा +९१ सकट, औषधांची यादी. इमिग्रेशनसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना आता कागदी अर्ज भरायचा नसतो, त्याची भीती काढून टाका. पुठ्ठ्याच्या दोन प्रती करा, एक-एक दोघांकडं. चष्मा न लावता नानांना वाचता येतंय का ते घरीच बघून घ्या, नाहीतर अक्षर आणखी मोठं करा.